ड्रायव्हर जुना झालाय

ताईने ‘हो’ दाबलं तेव्हा तिच्या एका हातात कंगवा होता आणि कामावर पोचायला जेमतेम पंचवीस मिनिटं उरली होती. बस वेळेवर आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध ती पाटी परत येऊन बसली होती. नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे, आता बसवायची का? खाली दोनच बटणं, एक ‘हो’ आणि दुसरं ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ असं बटण नव्हतंच. गेला महिनाभर ती रोज ‘नंतर आठवण करा’ दाबत आली होती आणि पाटी रोज इमानेइतबारे आठवण करत आली होती. त्या सकाळी तिच्या मनात आलं, एकदाचं काय बसवायचं ते बसव बाई आणि माझी पाठ सोड. तिने ‘हो’ दाबलं, केस बांधले आणि बस न बघताच धावत सुटली.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायचं काम करायची. एकोणीस वर्षं. नंबराची काच फ्रेमच्या मापाने घासून बरोबर बसवायची, अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाइकाला गरगरतं. त्यामुळे तिचा स्वभावच तसा झाला होता. वस्तू एक तर बसते किंवा बसत नाही. बसत नसेल तर त्याला कारण असतं, आणि कारण असलं की ते सापडतं. दिवसभरात त्या ‘हो’ची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी घरी आली तर धाकटा भाऊ कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेला होता. दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंनी नेहमीप्रमाणे त्याला तिथे बसवून, हाताशी डबी ठेवून निरोप घेतला होता. पडद्यावर एका तळ्याचं चित्र होतं, जे काल नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “डबी चालत नाहीये.”

हा धाकटा आता सत्तेचाळीस वर्षांचा होता. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तो उंच इमारतींवरची क्रेन चालवायचा. एके दिवशी क्रेनच्या शिडीवरून उतरताना पाय निसटला आणि मान दुखावली. पाय गेले, डावा हात गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलायचं, पण एखादी पेन्सिल धरण्याइतकाही जोर त्यांच्यात नव्हता. पहिली दोन वर्षं तो छताकडे बघत पडून होता. ताईचं लग्न झालेलं नव्हतं. आईवडील गेल्यापासून घरात ती दोघंच. तिने नाही नाही ते प्रयत्न करून पाहिले, आणि शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या घड्याळजीकाकांनी ती डबी बनवून दिली.

साबणाच्या वडीएवढी लाकडी डबी. वर काडीएवढा एक दांडा आणि बाजूला चार बटणं, इतकी हलकी की फुंकर मारली तरी दबतील. दांड्यावर बोट किती रेटलंय ते डबीला कळायचं. थोडं रेटलं तर थोडं, जास्त रेटलं तर जास्त. काकांच्या भाचीने तेव्हा कॉलेजात शिकता शिकता एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता, डबी काय म्हणते ते कॉम्प्युटरला समजावून सांगणारा. त्या डबीच्या जोरावर धाकटा ट्रक चालवायला लागला.

म्हणजे गेममध्ये. रोज संध्याकाळी सातला ठिकठिकाणचे बारा जण आपापल्या घरी कॉम्प्युटर लावून बसत आणि बारा ट्रकांचा ताफा डोंगर ओलांडून माल पोचवत असे. धाकट्याचा ट्रक सगळ्यांत पुढे. घाटात वळणावर माल कधी झुकणार ते त्याला आधी कळायचं आणि तो मागच्यांना सांगायचा. त्याच्या मागे जिचा ट्रक असायचा ती एका बेकरीत काम करायची, पहाटे उठून पाव भाजायची. सगळे तिला पाववाली म्हणत. या मंडळींना एकमेकांचे चेहरे माहीत नव्हते. धाकट्याच्या मानेचं तर पाच वर्षं कुणाला माहीतच नव्हतं. तो पुढे होता, कारण तो चांगला चालवायचा. बस.

त्या संध्याकाळी ताफा चाळीस मिनिटं त्याच्यासाठी थांबला आणि मग त्याच्याशिवाय निघाला. पडद्यावर एकच ओळ येत राहिली. हे उपकरण ओळखता येत नाही. ताईने डबी काढून लावली, लावून काढली, वायर पुसली, कॉम्प्युटर चार वेळा बंद करून चालू केला. सकाळचं ‘हो’ तिच्या घशात अडकलं होतं. ते तिने तसंच गिळलं. “आपोआप काहीतरी झालेलं दिसतंय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं तेच तेच संगीत ऐकल्यावर एक मुलगा फोनवर आला. आवाज गोड होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निदान केलं.

“मॅडम, तुमचा ड्रायव्हर जुना झालाय.”

“सत्तेचाळीस म्हणजे काही जुना नाही,” ताई म्हणाली.

“नाही मॅडम, नव्या सिस्टिममध्ये जुने ड्रायव्हर चालत नाहीत. बदलावा लागेल.”

“ड्रायव्हर माझा सख्खा भाऊ आहे.”

त्या मुलाने मग समजावलं की ड्रायव्हर म्हणजे तो छोटा प्रोग्रॅम, डबीचं बोलणं कॉम्प्युटरला सांगणारा. नव्या सिस्टिमला प्रत्येक ड्रायव्हरवर सही लागते. कुणाची सही? आमची. मग करा ना सही. नाही मॅडम, ती फक्त नोंदणी केलेल्या कंपन्यांना मिळते. डबी कोणत्या कंपनीची आहे? ताई म्हणाली, गल्लीच्या टोकाच्या घड्याळजींची. मुलाने विचारलं, त्यांची वेबसाइट आहे का?

पुढच्या आठवड्यात तिने आणखी पाच फोन केले. दर वेळी नवं माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळा पाढा. मान, बोट, डबी, दांडा. एकीने सुचवलं की मान्यताप्राप्त गेम कंट्रोलर घ्या, फार सोपा असतो, दोन्ही हातांत धरायचा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवरची ती बाई बिचारी लिहून दिलेलं वाचून दाखवत होती हे तिलाही कळत होतं, त्यामुळे धड ओरडताही येईना. एकाने तर विचारलं, कॉम्प्युटर बंद करून चालू करून पाहिलात का? त्या दिवशी दुकानात तिने उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूच्या मापाने घासली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मग तिला कुणीतरी सांगितलं की जुनी सिस्टिम परत बसवता येते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, त्याने दुपारभर बसून ती बसवली. तळं गेलं, जुना निळा पडदा आला, आणि डबी लावल्याबरोबर चालू. धाकट्याने दांड्यावर बोट ठेवून बाण इकडून तिकडे हळूच फिरवला. ताईने देवाचे, दुरुस्तीवाल्याचे, सगळ्यांचे आभार मानले. सातला धाकट्याने गेम उघडला. गेम म्हणाला, लबाडी करणाऱ्या खेळाडूंना रोखण्यासाठी हा गेम यापुढे फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल. कृपया नवी सिस्टिम बसवा.

नवीवर डबी नाही, जुनीवर गेम नाही. ताईने गेमच्या कंपनीला लिहिलं. त्यांनी कळवलं की हा सिस्टिमचा प्रश्न आहे. सिस्टिमच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले हा गेमचा प्रश्न आहे. दोघांनीही गैरसोयीबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त केली. घड्याळजीकाकांची भाची आता दूरच्या गावी गुरांची डॉक्टर झाली होती. तिने लगेच उत्तर पाठवलं, पण त्यात आशा नव्हती. तो प्रोग्रॅम तिने विसाव्या वर्षी लिहिला होता, आता तिला स्वतःलाच तो वाचून कळत नव्हता, आणि सही मिळवायची तर कंपनी काढावी लागेल. ती एका गाईच्या बाळंतपणातून आत्ताच आली होती आणि तिला झोप येत होती.

तिसऱ्या आठवड्यात ताई तक्रारीचं पत्र लिहायला बसली. पहिल्यांदा दोन पानं होती, मग पाच झाली, मग नऊ. तिने प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं म्हणणं लिहून काढलं. रविवारी दुपारी ती ते धाकट्याला वाचून दाखवायला लागली. वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. सातव्या पानावर तो म्हणाला, “पुरे.”

“अजून दोनच पानं आहेत.”

“ताई, तुला माझी डबी चालू करायची नाहीये. तुला कुणाला तरी हरवायचंय.”

ती ताडकन उठली. तीन आठवडे जेवणाची सुट्टी फोनवर घालवली, दुकानात बोलणी खाल्ली, ती कुणासाठी, असं काहीबाही बोलली. आणि बोलता बोलता जे तीन आठवडे गिळून ठेवलं होतं ते बाहेर पडलं. “मीच दाबलं रे ते. तुला विचारलंही नाही. बस चुकत होती.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. मी दाबलं नाही, मदतनीस बाई त्याला हात लावत नाहीत. मग उरलं कोण?”

ताई परत खुर्चीत बसली. रागवावं की रडावं ते तिला समजेना. धाकटा म्हणाला की तीन आठवडे ती फोनवर भांडत होती तेव्हा तो इकडे बसून विचार करत होता, आणि ती घरात आली की तिचा चेहरा बघून गप्प बसत होता. त्याच्या असं लक्षात आलं होतं की या नव्या सिस्टिमने डबीला हाकललं, जुन्या प्रिंटरला हाकललं, पण कीबोर्डला काहीच विचारलं नाही. अगदी फुटकळ, जुना, ‘क’ची खूण पुसलेला कीबोर्ड तसाच चालला. कीबोर्डला ती ओळखते. त्याला सही लागत नाही.

“मग डबीला कीबोर्डच करून टाकू,” तो म्हणाला. “आतलं सगळं काढायचं आणि कीबोर्डची पोटातली पट्टी घालायची. मी बटण दाबलं की तिला वाटेल कुणीतरी कीबोर्डवरची कळ दाबली. काकांना विचार.”

इतकी साधी गोष्ट नऊ पानांत कुठेही नव्हती. ताईला स्वतःचाच इतका राग आला की तिने ती पानं तशीच उचलली आणि कपाटात कोंबली.

घड्याळजीकाका पंचाहत्तरीचे होते आणि त्यांना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण तार आणि कळ कळत होती. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढले आणि आतली बोटभर पट्टी उचलली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तिच्यावर तारा जोडल्या. ताईने दिवा धरला. तिच्या हाताला बारीक कामाची सवय होती, म्हणून मग अर्ध्या तारा तिनेच जोडल्या. संध्याकाळी नवी सिस्टिम परत बसवली, डबी लावली. पडद्यावर ओळ आली: कीबोर्ड जोडला गेला आहे. बस, एवढंच. तीन आठवड्यांचा तमाशा, आणि ती सिस्टिम मुकाट्याने हो म्हणाली.

पण घोडं अडलं दुसरीकडे. कीबोर्डची कळ एक तर दबते किंवा दबत नाही. थोडी दबली, जास्त दबली असं तिला कळत नाही. दांडा जरा डावीकडे केला की स्टिअरिंग पार डावीकडे. पहिल्याच वळणावर धाकट्याचा ट्रक खड्ड्यात गेला, दुसऱ्या वळणावर पाववालीच्या ट्रकला घेऊन खड्ड्यात गेला. तिसऱ्या दिवशी तो आपणहोऊन शेवटच्या नंबरला गेला. पाववाली म्हणाली, काही बिघडत नाही, मागेही कुणीतरी लागतंच. ते ऐकून त्याने ट्रक बाजूला लावला आणि गेम बंद केला.

ताईने काकांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, घड्याळाचा काटा आपल्याला सरकताना दिसतो, पण तो सरकत नाही, टिकटिक करत उड्या मारतो. उड्या बारीक असल्या की सरकल्यासारखं वाटतं. कळीलाही तसंच करू. त्यांनी एका मोडक्या गजराच्या घड्याळाचं यंत्र कापून डबीत बसवलं. दांडा जरा रेटला की कळ हळूहळू टिकटिकायची, जास्त रेटला की भराभर. स्टिअरिंग परत मऊ झालं. डबीतून खरोखरच टिकटिक ऐकू यायची. धाकट्याने पहिल्याच संध्याकाळी सगळा घाट एकही ओरखडा न काढता पार केला, आणि पाववालीने न बोलता पुढची जागा त्याला रिकामी करून दिली.

पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. सहाव्या दिवशी गेम उघडल्यावर पाटी आली.

तुमची कळ दाबण्याची पद्धत मानवी वाटत नाही. तुमच्या जागी यंत्र खेळत असल्याच्या संशयावरून तुम्हाला तीस दिवस खेळण्यास मनाई करण्यात येत आहे.

ताईने ती दोनदा वाचली. आणि तेवढ्यात धाकटा हसायला लागला. नऊ वर्षांत तिने त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मान हलवता येत नसल्याने ते हसू सगळं चेहऱ्यातच कोंडलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मानवी वाटत नाही,” तो परत परत म्हणत होता. ताईने त्याचे डोळे पुसले. तिला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना.

या वेळी तिने फोन केला नाही. ताफ्यातल्या अकरा जणांनीच गेमच्या कंपनीला आपापलं पत्र पाठवलं, आणि चौथ्या दिवशी कंपनीतल्या एका बाईचा फोन आला. लिहून दिलेलं वाचणारी नव्हे, खरी बाई. मागे लहान मूल रडत होतं. तिने कॅमेऱ्यावरून डबी बघायला मागितली. ताईने झाकण उघडून आतलं गजराचं यंत्र दाखवलं. ते बघून बाई म्हणाली की मनाई ती आत्ता उठवते आहे, पण संशय घेणारा प्रोग्रॅम तिच्या हातात नाही, तो परत संशय घेईल. त्याला खटकतं एकच, की प्रत्येक टिकटिक अगदी सारख्या अंतराने येते. माणसाचं बोट तसं चालत नाही, कुठे जरा आधी, कुठे जरा उशिरा पडतं.

“म्हणजे ते यंत्र थोडं बिघडलं तर चालेल?” ताईने विचारलं.

“मी असं काही सांगितलेलं नाही,” बाई म्हणाली. “पण हो.”

काकांना पटवणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. साठ वर्षं घड्याळं बिनचूक चालवण्यात गेली, आता मुद्दाम बिघडवायचं म्हणजे हात धजत नव्हता. ते दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कुणाशी न बोलता डबी उघडली, कानसेने एका चाकाचे तीन दाते जरासे घासले, झाकण लावलं आणि म्हणाले, “माझ्या नावावर खपवू नका.” डबी आता दमेकऱ्यासारखी टिकटिकायची. गेमने काही हरकत घेतली नाही. स्टिअरिंग पूर्वीइतकं मऊ राहिलं नाही, तीव्र वळणावर ट्रक जरा हिसडा देतो, पण धाकट्याने तो हिसडा ओळखीचा करून घेतला.

त्या बाईने फोन ठेवण्याआधी एक विचारलं होतं, की असे अडकलेले आणखीही लोक आहेत, त्यांना तुमचा नंबर देऊ का? ताईने धाकट्याकडे बघितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. तेव्हापासून फोन यायला लागले. एक जण जन्मापासून एकाच हाताचा होता आणि पायाने गेममधली विमानं उडवायचा. एक म्हातारी होती, तिची बोटं संधिवाताने आखडली होती आणि तिच्या नातवाने बनवलेली फळी नव्या सिस्टिमने नाकारली होती. धाकटा त्यांच्याशी तासन्‌तास बोलतो. कोणता कीबोर्ड घ्या, पट्टी कुठून कापा, तार कोणत्या टोकाला जोडा. फोन कानाशी ताईला धरून बसावं लागतं, आणि तिचा हात अवघडतो.

“अहो आजी, घाबरू नका,” परवा तो त्या म्हातारीला सांगत होता. “त्या सिस्टिमला काही समजावायला जाऊ नका. आमच्या ताईने तीन आठवडे समजावलं.”

ताईने हात बदलला आणि फोन त्याच्या दुसऱ्या कानाला लावला.